रक्त मशीन साफ करतं, मग पिशवीभर गोळ्या कशासाठी?

डायलिसिस सुरू झालेल्या माणसाच्या घरी पहिल्या महिन्यात हा प्रश्न हमखास निघतो. आठवड्यातून तीनदा मशीनवर चार-चार तास पडून राहायचं, रक्त साफ करून घ्यायचं, आणि तरी औषधांची पिशवी आधीपेक्षा जड. त्यात सूचना अशा की डोकं गरगरावं. ही गोळी जेवणाच्या घासाबरोबरच. ही मशीनच्या दिवशी सकाळी घेऊ नका. ही मशीन झाल्यावर. कालपर्यंत बेतानं खायला सांगितलेली अंडी आता रोज खा, आणि पाणी मात्र मापानं प्या.

हे सगळं डॉक्टरांनी सांगितलेलं असतं. पण घाईत, आणि ऐकणारा आधीच घाबरलेला असताना. सूचना लक्षात राहतात, कारणं राहत नाहीत. कारण न समजलेली सूचना चार दिवसांत गळून पडते, हे आपण सगळे जाणतो. म्हणून हा लेख कारणांचा आहे. कुणाला किती गोळ्या, हे इथे सांगता येणार नाही. ते वजन, रक्ताचे अहवाल आणि उरलेली लघवी पाहून प्रत्येकाचं वेगळं ठरतं. पण "का" आणि "कधी" हे दोन प्रश्न सगळ्यांचे सारखेच आहेत.

## मशीन नेमकं काय करतं

निरोगी किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर टाकतात. हे काम रात्रंदिवस, म्हणजे आठवड्याचे १६८ तास चालू असतं. मशीनवर आपण असतो १२ तास. उरलेले १५६ तास शरीरातली घाण आणि पाणी साठत राहतं.

डायलिसिसची मूळ कल्पना साधी आहे. रंग सुटणारा कपडा स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवला की रंग पाण्यात उतरतो. पाणी बदलत राहिलं की आणखी उतरतो. मशीनच्या फिल्टरमध्ये केसासारख्या बारीक हजारो पोकळ नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रक्त जातं, बाहेरून खास बनवलेला द्रव उलट दिशेनं वाहतो. मिनिटाला ५०० मिलिलिटरच्या वेगानं चार तासांत तब्बल १२० लिटर द्रव रक्ताशेजारून वाहून जातो. युरिया, क्रिएटिनिन ही टाकाऊ द्रव्यं आणि जादा पोटॅशियम नळीच्या भिंतीतल्या सूक्ष्म छिद्रांतून त्यात उतरतात, आणि दाब वापरून जादा पाणीही ओढून घेतलं जातं.

मशीन करतं ती मुख्य कामं ही: धुणं, पाणी काढणं आणि रक्तातलं आम्ल ताळ्यावर आणणं. किडनी मात्र याहून बरंच करत होती. रक्त तयार करण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला पाठवत होती, ड जीवनसत्त्व कामाचं बनवत होती, रक्तदाब सांभाळत होती, इन्सुलिन आणि कितीतरी औषधं वापरून झाल्यावर त्यांची विल्हेवाट लावत होती. पिशवीतल्या गोळ्या आणि इंजेक्शनं त्या उरलेल्या कामांसाठी असतात, आणि मशीन नसलेल्या १५६ तासांसाठी.

## तहान लागली तरी पाणी प्यायचं नाही?

इथे एक शब्द शिकून घ्यावाच लागतो: ड्राय वेट. अंगात जादा पाणी नसताना असलेलं वजन, म्हणजे ज्या वजनावर सूज नाही, दम लागत नाही आणि रक्तदाब ठीक राहतो, ते ड्राय वेट. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन डायलिसिसच्या मध्ये काट्यावर अडीच किलो वाढले, तर ते अडीच लिटर पाणी आहे. दोन दिवसांत चरबी इतकी वाढत नाही.

मग मशीननं ते एकदम काढून टाकलं तर काय बिघडलं? विहिरीचा विचार करा. पंप लावला की विहीर भराभर उपसली जाते, पण झरे आपल्याच गतीनं पाझरतात. उपसा झऱ्यांपेक्षा वेगात झाला की आजूबाजूच्या जमिनीत पाणी असूनही विहीर कोरडी पडते. मशीन पाणी ओढतं फक्त रक्तातून. पायांच्या सुजेतलं, फुप्फुसातलं पाणी रक्तात हळूहळू पाझरत येतं. उपसा फार वेगानं झाला की रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि दर वेळी असं झालं तर हृदयाचे स्नायू हळूहळू थकत जातात. म्हणून तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १३ मिलिलिटरपेक्षा जास्त उपसा नको, असं मानतात. ६० किलोच्या माणसासाठी चार तासांत हा हिशोब जेमतेम तीन लिटरवर येऊन थांबतो. पाच लिटर घेऊन आलेल्याचं पाणी मशीन सुखासुखी काढू शकत नाही. दोष मशीनचा नसतो.

अनेकांना दिवसभरात होते तेवढी लघवी अधिक सुमारे अर्धा लिटर, इतकं पाणी सांगितलं जातं. पण मला वाटतं, नुसतं पाणी मोजायला सांगणं हे अर्धवट सांगणं आहे. खरी गोम मिठात आहे. शरीर रक्तातला खारटपणा ठरावीक ठेवतं. साधारण ८ ग्रॅम मीठ खाल्लं की ते पातळ करायला एक लिटर पाणी लागतं, आणि ते मिळेपर्यंत तहान माणसाला स्वस्थ बसू देत नाही. ही तहान म्हणजे शरीराचा हुकूम असतो, मनाच्या बळावर ती फार काळ दाबता येत नाही. खारट खाऊन पाण्यासाठी स्वतःला कोसत बसण्यापेक्षा मीठ कमी करावं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, आणि त्यात पाकीटबंद पदार्थ, लोणची, सॉस यांतलं छुपं मीठही धरायचं. दोन-तीन आठवडे अळणी लागतं, मग जीभ रुळते. मधुमेह असेल तर वाढलेली साखरही तशीच तहान लावते, तेव्हा तिकडेही पाहावं.

सूप, बर्फ, आइस्क्रीम, गोळ्यांबरोबर घेतलेले घोट, हे सगळं पाणीच. दिवसाला बारा-पंधरा गोळ्या असतील तर नुसत्या गोळ्या गिळण्यात पाव लिटर सहज जातो. जेवताना घ्यायच्या गोळ्या घासाबरोबर घेतल्या की तेवढं वाचतं. सकाळीच दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरून ठेवायचं आणि लहान पेल्यातून प्यायचं, ही युक्ती फार लोकांना उपयोगी पडलेली आहे.

ड्राय वेट कायमचं नसतं, हे फारसं कुणी सांगत नाही. आजारपणात अंगातलं मांस झडलं आणि काट्यावरचा आकडा मात्र तोच राहिला, तर झडलेल्या मांसाची जागा पाण्यानं घेतलेली असते. "वजन तर बरोबर आहे, मग रात्री आडवं झालं की दम का लागतो?" याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं. उलट, भूक सुधारून अंग भरलं तर जुन्या आकड्यापर्यंत ओढताना पायात गोळे येतात. दोन्ही वेळा डॉक्टरांना सांगून आकडा बदलून घ्यायचा.

## पोटॅशियम: न बोलणारा धोका

पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांची लय ठरवतं. रक्तात ते ३.५ ते ५ च्या आसपास असावं. ६ च्या वर गेलं की हृदय कधीही अडखळू शकतं, आणि फसवी गोष्ट ही की माणसाला बरेचदा काहीच जाणवत नाही. जाणवलं तर पाय गळून गेल्यासारखे वाटतात.

आठवड्यात तीन डायलिसिस म्हटल्यावर एक खंड दोन दिवसांचा न राहता तीन दिवसांचा होतो. हृदयाचे झटके आणि मृत्यू या लांब खंडाच्या शेवटी जास्त होतात, असं मोठ्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. म्हणून समारंभ, प्रवास, मनसोक्त खाणं नेमकं त्या खंडात येणार असेल तर हात आखडता घ्यावा. केळी, संत्री, सुकामेवा, नारळपाणी, बटाटा, टोमॅटो यांत पोटॅशियम जास्त. भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी फेकून दिलं की बरंच पोटॅशियम निघून जातं. नुसतं भिजवून तेवढं निघत नाही.

दोन गोष्टी हमखास चुकतात. "मीठ कमी करायचंय ना, मग लो-सोडियम मीठ आणू", हा विचार सद्हेतूनं केलेला असतो, पण अशा मिठात सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. डायलिसिसवरच्या माणसासाठी ते विषासारखं. दुसरी गोष्ट बद्धकोष्ठता. किडनी बंद पडल्यावर पोटॅशियम बाहेर टाकायचं थोडं काम आतडं उचलतं. पोट साफ झालं नाही की तीही वाट बंद. तेव्हा पोट साफ न होण्याची तक्रार क्षुल्लक समजून गिळू नका, डॉक्टरांना सांगा.

## फॉस्फरस अडवणारी गोळी जेवणाआधी की नंतर?

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे, आणि त्यांची किंमत वर्षांनी कळते. म्हणून जरा थांबून पाहू.

मघाचा रंगीत कपडा आठवा. युरिया वरवर लागलेल्या रंगासारखा असतो, पटकन उतरतो. फॉस्फरस धाग्याच्या आत भिनलेला असतो. बहुतेक साठा हाडांत आणि पेशींच्या आत. मशीन रक्तातला फॉस्फरस काढतं, पण आतला बाहेर यायला वेळ लागतो, तोवर चार तास संपतात. ढोबळ हिशोब मांडला तर रोजच्या आहारातून हजारेक मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो आणि निम्म्याहून जास्त रक्तात शिरतो. आठवड्याचे झाले चार हजारांच्या आसपास. एक डायलिसिस सात-आठशे काढतं, तीन मिळून चोवीसशेच्या आत. उरलेला जाणार कुठे?

तो जातो हाडांत गडबड करायला आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियमचे थर बसवायला. अंगाला खाज सुटते, हाडं दुखतात, गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी चेकाळतात आणि हाडांतलं कॅल्शियम ओढून काढू लागतात. हे सगळं काही वर्षं मुकाट चालतं, म्हणूनच गोळी टाळावीशी वाटते.

ती गोळी म्हणजे फॉस्फेट बाइंडर: कॅल्शियम अॅसिटेट, कॅल्शियम कार्बोनेट, सेवेलॅमर, लँथॅनम यांपैकी एखादी. तिचं काम रक्तात होतच नाही. ती पोटातच अन्नातल्या फॉस्फरसला चिकटते आणि शौचावाटे त्याला घेऊन जाते. दारावर तिकीट तपासणारा माणूस समजा. खेळ सुरू होताना तो दारात हवा. लोक आत जाऊन बसल्यावर दोन तासांनी येऊन त्यानं कुणाला अडवायचं? जेवणानंतर आठवण आली म्हणून रात्री झोपताना घेतलेला बाइंडर असाच वाया जातो. जेवायला बसतानाच, पहिल्या काही घासांबरोबर, तो पोटात जायला हवा. जेवणच टाळलं असेल तर त्या वेळची गोळीही घ्यायची नाही. आणि मधल्या वेळी दूध, चीज, अंडी असं काही खाल्लं तर त्याच्यासाठीही गोळी लागू शकते. ते डॉक्टरांना विचारून ठरवा. लँथॅनमची गोळी चावून बारीक करावी लागते, सेवेलॅमरची अख्खी गिळावी लागते. उलट झालं की फायदा कमी किंवा त्रास जास्त.

एक गंमतीची पण महत्त्वाची गोष्ट. कॅल्शियमची तीच गोळी जेवताना घेतली तर ती फॉस्फरस पकडते; रिकाम्या पोटी घेतली तर स्वतःच रक्तात शिरून कॅल्शियम वाढवते. गोळी एक, वेळ बदलली की काम बदललं. "दिवसातून तीनदा" एवढंच चिठ्ठीवर लिहिलं असेल तर "जेवताना ना?" असं विचारून घ्या. बाइंडर इतर औषधांनाही पकडतो. थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स त्याच्याबरोबर घेतली तर तीही शौचावाटे जातात. त्यांच्यात काही तासांचं अंतर हवं.

मग फॉस्फरस असलेलं सगळंच खाणं बंद करावं का? नाही. डायलिसिसआधी किडनीवर भार नको म्हणून प्रथिनं कमी सांगितलेली असतात. डायलिसिस सुरू झालं की गणित उलटतं, कारण मशीन प्रथिनांचे तुकडे धुऊन नेतं. आता वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. कित्येक घरांत जुनंच पथ्य चालू राहतं आणि माणूस वाळत जातो. हे मला फार हळहळ वाटायला लावणारं वाटतं, कारण ते निव्वळ न सांगितल्यामुळे होतं. कापायचाच असेल तर कारखान्यात घातलेला फॉस्फरस कापा: गडद रंगाची कोला पेयं, प्रक्रिया केलेलं चीज, पाकिटातलं मांस. या पदार्थांतला फॉस्फरस जवळजवळ सगळा शोषला जातो. डाळी-कडधान्यांतला निम्म्याहून कमी. पाकिटावरच्या घटकांच्या यादीत "फॉस्फ" अशी अक्षरं दिसली की पाकीट परत ठेवायचं.

## मशीनच्या दिवशी सकाळच्या गोळ्या घ्यायच्या का?

मशीन घाण आणि औषध यांत फरक करत नाही. जे औषध रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं नसतं आणि पाण्यात सहज विरघळतं, ते धुऊन निघतं. बी गटातली आणि क जीवनसत्त्वं अशीच, म्हणून त्यांच्या गोळ्या मशीननंतर. व्हँकोमायसिनसारखी अँटिबायोटिक्स डायलिसिसच्या शेवटी देतात, त्याचंही कारण हेच. बाहेरच्या डॉक्टरांनी एखादं अँटिबायोटिक दिवसातून एकदा दिलं असेल तर मशीनच्या दिवशी ते संध्याकाळी घ्यायचं का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

रक्तदाबाच्या गोळ्यांचं प्रकरण थोडं नाजूक आहे. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, एनालाप्रिल मशीनवर धुऊन निघतात. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, कार्व्हेडिलॉल निघत नाहीत. ज्यांचा रक्तदाब मशीनवर पडतो त्यांना सकाळची गोळी मशीननंतर किंवा रात्री घ्यायला सांगतात. ज्यांचा मशीनवर उलट चढतो, त्यांनी तीच सकाळची गोळी टाळली तर पंचाईत. त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं वेळापत्रक आपलं नव्हे. आणि हृदयासाठी दिलेली, नावाच्या शेवटी "लॉल" असलेली गोळी मनानं अचानक बंद करू नये. ठोके एकदम बेताल होऊ शकतात.

## "किडनी गेलीच आहे, आता पेनकिलरनं काय बिघडणार?"

बिघडतं. बऱ्याच जणांना डायलिसिस सुरू झाल्यावरही काही काळ लघवी होत असते. दिवसाला पाव-अर्धा लिटर का होईना, ती उरलेली किडनी २४ तास काम करत असते, आणि तिच्यामुळे पाण्याचं, पोटॅशियमचं पथ्य सैल राहतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तीही संपवतात. शिवाय डायलिसिसवर रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेलं असतं. त्यात या गोळ्यांनी पोटात व्रण झाला तर रक्तस्राव लवकर थांबत नाही. साध्या दुखण्याला, तापाला डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल हा बरा पर्याय.

घरातल्या औषधांच्या डब्यात आणखी काही आहे. आम्लपित्ताच्या पातळ औषधांत बहुधा अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं, ते आता बाहेर पडायला वाट नाही. पोट साफ करणाऱ्या मॅग्नेशियमच्या औषधांचं आणि फॉस्फेटच्या एनिमाचंही तसंच. नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन आणि प्रेगॅबालिन, स्नायूंच्या आखडण्यावरचं बॅक्लोफेन, नागिणीवरचं असायक्लोव्हिर ही सगळी मुख्यतः किडनीवाटे जाणारी औषधं. नेहमीच्या मात्रेत दिली तर साठत जातात आणि माणूस झापडलेला, बरळणारा होतो, हातपाय झटकू लागतो. घरच्यांना वाटतं झटका आला. प्रत्यक्षात औषध साठलेलं असतं. या औषधांची मात्रा डायलिसिसवर फार कमी करावी लागते आणि बॅक्लोफेन तर टाळलेलंच बरं. दात, डोळे, त्वचा यांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर तोंडातून निघणारं पहिलं वाक्य "मी डायलिसिसवर आहे" हेच असावं.

"पण हे तर नैसर्गिक आहे." पोटॅशियमही नैसर्गिक आहे. स्टारफ्रूट, म्हणजे कमरख, हे साधं आंबटगोड फळ. त्यातलं एक द्रव्य निरोगी किडनी सहज बाहेर टाकते, पण डायलिसिसवरच्या माणसात ते मेंदूपर्यंत पोचतं. न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके आणि मृत्यूही ओढवलेले आहेत. काढे, भस्मं, चूर्णं यांत नेमकं काय आणि किती आहे, हे मोजता येत नाही, आणि ते बाहेर टाकणारा अवयव आता नाही. श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवून एवढं ध्यानात घ्या. साध्या मल्टिव्हिटॅमिनमधलं अ जीवनसत्त्वही साठतं, म्हणून डायलिसिसवरच्या लोकांसाठी वेगळ्या गोळ्या असतात.

## शुगर आपोआप उतरली, म्हणजे मधुमेह गेला?

हा आनंद फसवा असतो. इन्सुलिन नष्ट करण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. किडनी थकली की तेच इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं. म्हणून मात्रा कमी करावी लागते, नाहीतर पहाटे साखर एकदम उतरते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी तर बंदच करतात. साखर उतरली तर फळाचा रस नको, त्यात पोटॅशियम. ग्लुकोज किंवा साधी साखर घ्या. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणीही इथे पुरेशी भरवशाची नाही. डायलिसिसवर तांबड्या पेशी कमी जगतात, त्यामुळे आकडा प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसतो. बोटाला टोचून केलेल्या रोजच्या नोंदी जास्त खरं सांगतात.

## हिमोग्लोबिन कमी आहे, मग रक्त चढवून टाका की

पूर्वी तेच करत. किडनी पाठवते तो निरोप, एरिथ्रोपोएटिन, इंजेक्शनच्या रूपात १९८९ मध्ये अमेरिकेत मान्य झाला आणि चित्र पालटलं. आता रक्त चढवणं शक्यतो टाळतात, कारण परक्या रक्तामुळे शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्यं पुढे किडनी प्रत्यारोपणाच्या आड येतात. इंजेक्शन घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर आधी लोह पाहतात. निरोप आला, कारागीर तयार आहेत, पण कच्चा मालच नाही, अशी ती स्थिती. बाइंडरबरोबर घेतलेली लोहाची गोळी कामाची नाही, म्हणून लोह बहुधा शिरेतून देतात. आणि हिमोग्लोबिन निरोगी माणसाइतकं १३-१४ करायचा हट्ट धरू नये. मोठ्या चाचण्यांत तसं केल्यानं पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्याचं दिसलं, म्हणून १० ते ११.५ च्या आसपास थांबतात.

## आज बरं वाटतंय, अर्धा तास आधी सोडा ना

चार तास पडून राहणं किती जड जातं, हे बाहेर बसलेल्याला कळत नाही, त्यामुळे ही विनवणी मला समजते. पण दर वेळी अर्धा तास, वर्षाचे १५६ डायलिसिस, म्हणजे ७८ तास. चार तासांचं एक, या हिशोबानं जवळपास २० डायलिसिस वर्षात बुडाले. शिवाय फॉस्फरससारख्या सावकाश निघणाऱ्या गोष्टींना नेमके तेच शेवटचे तास लागतात. मशीनवर गोळे येतात किंवा चक्कर येते म्हणून लवकर सुटावंसं वाटत असेल, तर मधल्या दिवसांतलं मीठ-पाणी कमी करणं आणि ड्राय वेट पुन्हा तपासणं हा उपाय आहे.

## ज्या हातात फिस्टुला आहे तो हात

शीर आणि धमनी शस्त्रक्रियेनं जोडून केलेली, मशीनपर्यंत रक्त नेण्याची वाट म्हणजे फिस्टुला. ती वापरण्याजोगी व्हायला आठवडे लागतात आणि बिघडायला एक रात्र पुरते. रोज सकाळी त्यावर बोटं ठेवा. मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. ती थांबली असेल तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण लवकर गेलं तर ती उघडता येण्याची शक्यता असते. त्या हाताचा रक्तदाब मोजू द्यायचा नाही, रक्त काढू द्यायचं नाही, घट्ट घड्याळ नाही, तो हात डोक्याखाली घेऊन झोपणं नाही. घरी आल्यावर रक्त वाहू लागलं तर घाबरून मोठा कपडा गुंडाळू नका. नेमक्या जागेवर बोटानं घट्ट, न उचलता दाबून धरा आणि मदत बोलवा.

मानेत किंवा छातीत कॅथेटर, म्हणजे डायलिसिससाठी बसवलेली नळी, असेल तर ते कोरडं राहिलं पाहिजे. मशीन सुरू झाल्यावर थंडी वाजून ताप आला तर तो कॅथेटरमधला जंतुसंसर्ग असू शकतो. "हवा बदलली असेल" म्हणून गप्प बसू नका. पोटाचं डायलिसिस, म्हणजे मशीनऐवजी पोटात द्रव भरून आणि काढून केलेलं डायलिसिस, करणाऱ्यांसाठी तशीच खूण म्हणजे बाहेर आलेलं पाणी गढूळ दिसणं. ती पिशवी फेकू नका, घेऊनच डॉक्टरांकडे जा. हिपॅटायटिस बी, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचं विचारून घ्या. हिपॅटायटिस बीची मात्रा डायलिसिसवर नेहमीपेक्षा जास्त लागते.

## खिशातला कागद

आडवं झाल्यावर दम लागणं, पाय एकाएकी लुळे पडल्यासारखे वाटणं, छातीत धडधड किंवा दुखणं, बोलण्यात गोंधळ: यांतलं काहीही झालं तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता इस्पितळ. तिथे ड्युटीवरच्या अनोळखी डॉक्टरला तुमची गोष्ट ठाऊक नसते, आणि धाप लागलेल्या माणसाला ती सांगता येत नाही. म्हणून एक कागद कायम खिशात ठेवा. त्यावर ड्राय वेट, डायलिसिसचे वार, शेवटचं कधी झालं, फिस्टुला कुठल्या हाताला, अॅलर्जी, आणि प्रत्येक औषधापुढे त्याची वेळ: जेवताना, मशीननंतर, रात्री. दर महिन्याला रक्ताचे अहवाल आले की तो बदला. मागच्या बाजूला बंद केलेल्या औषधांची नावं आणि बंद करण्याचं कारण लिहा. नवा डॉक्टर चांगल्या मनानं नेमकी तीच पुन्हा सुरू करण्याची शक्यता मोठी असते.